वैशाखातला लिटर

म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव एरवी शांत असते. यात्रेच्या दिवसांत मात्र खांबलिंगेश्वराच्या देवळाभोवतीची शेते बैलांनी, पालांनी आणि भट्ट्यांच्या धुराने भरून जातात. एक जोमदार बैल दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो. त्यात हॉटेलवाल्यांची भांडी, जिलबीवाल्यांच्या कढया आणि रात्रभर मुक्काम करणाऱ्या माणसांच्या गरजा धरल्या, तर एका गावाने एवढे पाणी काही दिवसांत पुरवणे ही साधी गोष्ट नव्हे. तरी ते निभावते, कारण जानेवारी असतो. विहिरींचे कठडे धरून वाकले की पाणी दिसते, ओढ्यांच्या डोहांत ते अजून टिकून असते. हीच यात्रा वैशाख पौर्णिमेला भरवायची म्हटली, तर बैलबाजार बाजूलाच राहील, आधी पाण्याच्या टँकरांची रांग लावावी लागेल. गाव तेच, पाऊसही तोच, आणि मधे फक्त चार महिने. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पाण्याविषयी जे काही बोलायचे ते या चार महिन्यांच्या फरकापासून सुरू करावे लागते. इथल्या व्यवसायांनी पाणी कसे वाचवावे याची चर्चा मात्र हा फरक सोडून बाकी सगळ्यावर चालते.

या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो टंचाईची गोष्ट ऐकूनही घेणार नाही. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी १८९२मध्ये पुरा झालेला तानसा आणि एकट्याने मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवणारा भातसा, दोन्ही शहापूर तालुक्यातले. मुरबाडच्या कुशीत बारवी आहे. १९७२मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले हे धरण पुढे उंची वाढवत मोठे झाले आणि आज कारखान्यांबरोबर ठाणे जिल्ह्यातल्या शहरांनाही पाणी पाजते. एवढे असून मार्च उलटला की कसाऱ्याकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे, की ती छापली की वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. म्हणून ती इथेच सोडून सरळ सांगतो: इथला दुष्काळ पावसाचा नाही, साधारण १५ मार्च ते १० जून या बारा-तेरा आठवड्यांचा आहे. सरकारी भाषेतही त्याला दुष्काळ म्हणत नाहीत, ‘टंचाई’ म्हणतात. शब्द सौम्य आहे, पण नेमका आहे. आणि टंचाई जर या आठवड्यांची असेल, तर व्यवसायाने वर्षाला किती लिटर वाचवले या आकड्याला इथे जवळपास काही अर्थ उरत नाही. ऑगस्टमध्ये वाचवलेला लिटर नदीला मिळून खाडीला जातो. वैशाखात न उपसलेला लिटर शेजारच्या विहिरीत राहतो.

याचे कारण जमिनीखाली आहे. सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाचा. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली भेगांतूनच काय ते पाणी धरणारा खडक. असा खडक स्वतःच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच पाणी सोडतो. दोन टक्के धरून हिशेब मांडू. एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी एक मीटर खाली गेली, तर हाती लागतात दोनशे घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. आता रस्त्याकडेचे एखादे मध्यम हॉटेल दिवसाला दहा हजार लिटर बोअरमधून उपसते असे समजू. टंचाईच्या ऐन ७५ दिवसांत त्याचा उपसा साडेसात लाख लिटर झाला. म्हणजे जवळपास चार हेक्टरांखालची पातळी त्या एका बोअरने मीटरभर खाली ओढली. आणि एप्रिलमध्ये पाड्याच्या विहिरीत तळाशी जे पाणी उरलेले असते, ते तरी किती? हात-दोन हात. भेगा कुठून कुठे जातात ते वरून दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक हॉटेल प्रत्येक विहीर आटवते असे म्हणणे चूक होईल. पण खडकाचे गणित असे तंग असताना ‘आमची बोअर आमच्या जागेत आहे’ हे वाक्य सातबाऱ्यावर खरे असले, तरी खडकात खरे नसते.

गंमत अशी, की कागदावर हे दोन्ही तालुके भूजलाच्या दृष्टीने ‘सुरक्षित’ आहेत. केंद्रीय भूजल मंडळ तालुक्याची वर्गवारी करते ती वर्षभरात जमिनीत किती पाणी मुरते आणि त्यातले किती उपसले जाते या गुणोत्तरावर. अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात हे गुणोत्तर चांगलेच येणार. मुरलेले बरेचसे पाणी दिवाळी ते संक्रांतीदरम्यान ओढ्यांतून वाहून जाते आणि मे महिन्यात त्याचा उपयोग शून्य, हे वार्षिक सरासरीत दिसत नाही. शेअर बाजारात सूचिबद्ध मोठ्या कंपन्यांना बाजार-नियामक सेबीच्या नियमाप्रमाणे दरवर्षी पाण्याचा वापर जाहीर करावा लागतो, जलताण असलेल्या भागांतला वेगळा दाखवणे ऐच्छिक आहे. पण हा आकडाही वर्षाचा, आणि ‘सुरक्षित’ तालुका सहसा जलताणाच्या यादीत बसत नाही. म्हणजे कंपनी प्रामाणिक असली, तिचा अहवाल बिनचूक असला, तरी पाड्यावरची टंचाई त्या अहवालाच्या दोन रकान्यांच्या मधून निसटते. ‘आम्ही जितके घेतो त्याहून जास्त पाणी जमिनीला परत देतो’ असे दावे हल्ली ऐकू येतात. परत कधी देता आणि घेता कधी, एवढेच त्यांना विचारावे.

आता इथले व्यवसाय कोणते ते पाहू, कारण ‘उद्योग’ म्हटले की डोळ्यांपुढे चिमणी येते आणि इथला खरा उन्हाळी उपसा चिमणीशिवायच होतो. नाशिक महामार्गावरचे ढाबे आणि कल्याण–माळशेज रस्त्यावरची हॉटेले, गाड्या धुण्याची सेंटरे, जार भरणारे आरओ प्लांट, कुक्कुटपालनाच्या शेड, वीटभट्ट्या आणि गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढलेली भाड्याने द्यायची फार्महाउसे. या शेवटच्यांजवळ जरा थांबतो. फार्महाउसचा हंगाम मे महिन्याचा, नेमका टंचाईचा. आणि त्याचे मुख्य आकर्षण तरणतलाव. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि चार फूट खोल असा एक साधा तलाव धरा. त्यात सुमारे ५१ हजार लिटर पाणी मावते. टंचाईत गावाला टँकरने पाणी द्यायचे तर माणशी दिवसाला २० लिटरचा हिशेब धरतात. त्या हिशेबाने दोनशे वस्तीच्या पाड्याचे हे जवळपास तेरा दिवसांचे पाणी झाले. पण तलाव असणे हा मुद्दा नाही. गाळणयंत्रणा चालू ठेवून तेच पाणी हंगामभर फिरवले, तर उन्हाने उडून जाणारे पाणी दिवसाला पावणेतीनशे लिटरच्या आसपास, म्हणजे ऐन टंचाईत वीस-बावीस हजार लिटर. याउलट दर शनिवारी नवे गिऱ्हाईक येणार म्हणून दर शुक्रवारी तलाव रिकामा करून नव्याने भरला, तर दहा आठवड्यांत पाच लाखांवर लिटर जातात. पाहुण्याला दोन्ही तलाव सारखेच निळे दिसतात. फरक फक्त एका पंपाचा, एका वाळूच्या फिल्टरचा आणि ते रोज चालवणाऱ्या माणसाचा आहे. कृत्रिम पावसात नाचण्याचा रेनडान्स नावाचा प्रकार मात्र मे महिन्यात शहापुरात बंदच असावा असे माझे मत आहे. त्याला तांत्रिक उपाय सुचवण्याची गरज वाटत नाही.

वीटभट्टीचे प्रकरण जास्त अवघड, कारण तिथे पाण्याच्या हिशेबात माणसांच्या पोटाचा हिशेब मिसळलेला आहे. भातकापणी झाली, शेते मोकळी झाली की भट्ट्या लागतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. विटेत पाणी लागते ते गारा भिजवायला आणि थापायला. भाजायला अर्थातच नाही. विटेमागे पाऊण ते एक लिटर धरले, तर पाच लाख विटांना चार-पाच लाख लिटर. थापणी फेब्रुवारीअखेर संपवून मार्च-एप्रिलमध्ये फक्त भट्टी भाजली, तर टंचाईच्या काळातली पाण्याची गरज जवळजवळ संपते. कागदावर हा उपाय सुबक आहे. पण थापणारे बहुतेक कातकरी, उचल घेऊन कुटुंबासह आलेले, हजार विटांवर मजुरी मिळणारे. हंगाम आखडला तर त्यांची मजुरी आखडते आणि उचल मात्र तेवढीच राहते. म्हणून थापणीचे दिवस कमी करा असे सांगण्याआधी भट्टीवाल्याला दुसरे काहीतरी करावे लागेल: दिवाळीलाच ओढ्याचे वाहते पाणी अडवून, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात साठवून ठेवणे आणि मार्चनंतरची थापणी त्यावर काढणे. खर्च भट्टीवर पडेल, मजुरावर पडणार नाही. शिवाय ज्या टँकरने गारा भिजतो त्याच टँकरचे पाणी झोपडीतली बाई पिण्यासाठी भरते, हे भट्टीवर सर्रास चालणारे दृश्य आहे. त्यामुळे साठवणीच्या पाण्याने टँकरवरचा भार उतरला, तर पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न जरा सुटतो.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला हे सगळे वाचून वाटेल, की आपला यात काही संबंध नाही, कारण त्याला पाणी नळाने येते, बोअरमधून नाही. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. नळाचे पाणी वाचवले म्हणून ते कुठल्या पाड्याच्या विहिरीत चढणार नाही. पण पाणीसाठा कमी झाला की धरणावरच्या शहरांवर आणि कारखान्यांवर कपात येते आणि ती नेमकी जूनच्या तोंडावर येते. मुंबईनेही २०२४मध्ये ३० मेपासून पाच आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात केली होती. कपात आली की कारखाने टँकर मागवतात, आणि टँकर भरतो तो कुणाच्या तरी विहिरीवर. म्हणजे नळाचे पाणी वाचवण्याचा फायदा पाड्याला आडवळणाने होतो: संकटाच्या दिवसांत कारखान्याचा टँकर गावात शिरत नाही. हे पाणी वाचते कुठे? पाट्या लावून वाचत नाही. कूलिंग टॉवरचे घ्या. टॉवरमधून १०० लिटर पाण्याची वाफ झाली की क्षार मागे उरतात, पाणी घट्ट होत जाते आणि ठरावीक मर्यादेनंतर ते सोडून नवे भरावे लागते. मूळच्या तिप्पट क्षारांवर पाणी सोडून देण्याची सवय असेल, तर त्या १०० लिटर वाफेमागे १५० लिटर भरावे लागतात. पाणी आधी मृदू करून, रसायनांवर नीट लक्ष ठेवून सहापट क्षारांपर्यंत ते फिरवले, तर १२० लिटरांत भागते. माल तेवढाच, यंत्र तेच, पाणी वीस टक्के कमी. आणि याहून सोपी गोष्ट म्हणजे रात्रीचे मीटरवाचन. शेवटची पाळी सुटल्यावर आकडा लिहायचा, पहाटे पुन्हा पाहायचा. काही चालू नसताना आकडा सरकला असेल तर तेवढे पाणी जमिनीखालच्या पाइपातून गळते आहे. याला सल्लागार लागत नाही, पहारेकरी पुरतो. वापरलेले पाणी स्वच्छ करून पुन्हा वापरण्यालाही आता अपूर्वाई राहिलेली नाही. नागपूरचे सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, आणि चेंबूरचा खत कारखाना महापालिकेचे मैलापाणी शुद्ध करून वापरतो.

सगळ्यांत मोठा आक्षेप वेगळा आहे, आणि गावकरीच तो घेतात. भातशाचे पाणी मुंबईला जाते, त्यापुढे एखाद्या ढाब्याने नळाला जाळी बसवली काय आणि नाही काय? न्यायाच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे आणि पाड्यांना धरणाचे पाणी मिळण्याची लढाई वेगळी लढावीच लागेल. मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाच्या कामाला २०१२मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती मिळवणाऱ्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारला होता: आणखी एक धरण कुणासाठी? पण धरणाच्या नळाचा आणि पाड्याच्या विहिरीचा संबंध नाही, तो हवा म्हणून तर भांडण आहे. बोअरचा आणि विहिरीचा संबंध मात्र आजच आहे, एकाच खडकातला. मुंबई अन्याय करते म्हणून शेजारच्या फार्महाउसला माफी देता येत नाही. शेतीचा आक्षेपही असाच. राज्यात सर्वाधिक पाणी शेतीला लागते हे खरे, पण या तालुक्यांतली मुख्य शेती भाताची, पावसावरची. मे महिन्यात शेते उघडी पडलेली असतात. जी थोडी भाजी, भेंडी, मोगरा, सोनचाफा उन्हाळी पाण्यावर उभा असतो, तो पिकवणाऱ्याला वैशाखातल्या पाण्याची किंमत चांगली कळते. कालव्याच्या सिंचनात तर उन्हाळी हंगामाची पाणीपट्टी खरिपाहून चढी असण्याची पद्धत जुनीच आहे. शेतकऱ्याच्या बिलाला ऋतू कळतो, व्यवसायाच्या बिलाला सहसा कळत नाही.

मग खर्चाचे काय? मघाच्याच हॉटेलचे उदाहरण पुढे नेतो. दहा हजार लिटरांतले निम्मे संडास, लादी, आवार आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्याला जाते असे धरू. ७५ दिवसांचे ते पावणेचार लाख लिटर होतात. हॉटेलचे छप्पर दोनशे चौरस मीटरांचे असेल, तर अडीच मीटर पावसातले वीस टक्के वाया गेले तरी चार लाख लिटर त्यावरूनच उतरतात. पंधरा मीटर लांब, दहा रुंद, अडीच खोल असे प्लास्टिक अंथरलेले शेततळे त्यातली गरजेची पावणेचार लाख लिटर साठवायला पुरते. त्यावर आच्छादन मात्र हवेच. या भागात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यावरून रोज सहा-सात मिलिमीटर वाफ जाते, म्हणजे हंगामात सुमारे अर्धा मीटर, एकूण साठ्याचा पाचवा भाग. या तळ्याचा खर्च मालकाने आपल्या तीन-चार उन्हाळ्यांच्या टँकरच्या बिलाशी ताडून पाहावा. जागा नसेल त्याने चार जणांत एक तळे करावे. सरकारी योजनांत आवडीने सांगितले जाणारे पुनर्भरणाचे खड्डे वाईट नाहीत, ओढे त्यामुळे थोडे लांबतात. पण आपल्या खडकात ऑगस्टला मुरवलेले पाणी एप्रिलला आपल्याच बोअरमध्ये भेटेल अशी आशा धरू नये. इथे पाणी मुरवण्यापेक्षा टाकीत धरून ठेवणे भरवशाचे.

कायदा या बाबतीत काही बोलतो का? बोलतो, पण तुटक. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यावर निर्बंध आणले, २००९चा भूजल कायदा २०१४पासून लागू झाला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र दिवसाला दहा घनमीटरांपेक्षा कमी उपसणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ना हरकत प्रमाणपत्रातून सूट दिली. दहा घनमीटर म्हणजे दहा हजार लिटर. वर ज्या हॉटेलने चार हेक्टरांखालचे पाणी मीटरभर ओढले, जवळपास तेच. लहान माणसाला परवान्याच्या चकरांतून सोडवणे चांगले, पण लहान मिळून मोठे होतात हे खडकाला समजते, नियमाला समजत नाही. आणि मोठ्या निर्णयांची वेळ नेहमी चुकते. २००३च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता, २०११मध्ये तो बदलून शेती दुसरी झाली. पण क्रम बदलल्याने एप्रिलमध्ये साठा वाढत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचे २५ टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश द्यावा लागला. आदेश योग्य होता. पण तोवर मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठाच उरला नव्हता. चेन्नईत जून २०१९मध्ये हॉटेलांनी जेवण आखडले, संगणक कंपन्यांनी माणसांना घरून काम करायला सांगितले. तेच शहर साडेतीन वर्षांपूर्वी पुरात बुडाले होते. पाणी असते तेव्हा कुणी मोजत नाही, आणि मोजायला बसतात तेव्हा मोजायला फार उरलेले नसते.

जिल्हा प्रशासन मात्र टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबरपासूनच करते: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. त्यात कुठल्या पाड्याला कधी टँकर लागेल हे गावनिहाय लिहिलेले असते. त्याच गावातली हॉटेले, भट्ट्या, फार्महाउसे आणि जारवाले त्याच काळात किती उपसणार, याचा रकाना त्यात असावा असे कुणाला सुचलेले दिसत नाही. तो रकाना भरायला आकडा लागतो आणि आकड्याला मीटर लागतो. ग्रामपंचायत ना हरकत देताना, परवाना नूतनीकरण करताना एवढी एक अट घालू शकते: बोअरला मीटर, आणि मार्च ते जूनचा उपसा दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर. आरओ प्लांटने किती पाणी भरले आणि किती गटारात सोडले, तेही त्याच फलकावर. ज्याचा मे महिन्याचा आकडा मार्चपेक्षा कमी, त्याला गाव ओळखेल. ज्याचा दुप्पट, त्यालाही.

हा दिवाळी अंक हाती पडेल तेव्हा शहापूर-मुरबाडमध्ये ओढे वाहत असतील आणि विहिरी काठोकाठ असतील, म्हणून हे आताच सांगायचे. लक्ष्मीपूजनाला दुकानांत, हॉटेलांत, भट्टीवर नवी वही पुजली जाईल. पहिल्या पानावर श्री लिहून झाल्यावर दुसऱ्या पानावर बोअरच्या मीटरचा आकडा लिहावा, १५ मार्चला पुन्हा एक आणि १० जूनला तिसरा. शेवटच्या दोन आकड्यांमधली वजाबाकी तेवढी ग्रामपंचायतीत नेऊन दाखवावी. मीटर नसेल, तर तो बसवायला प्लंबरचा अर्धा दिवस लागतो.